कानातलं मशीन

चाकणच्या कंपनीत मी बावीस वर्षं प्रेस शॉपला होतो. पत्रा दाबणाऱ्या मशिनींच्या आवाजात उजवा कान जवळजवळ गेला, डावाही निम्मा गेला. सिनेमावर लिहिण्याचं वेड त्याच्याही आधीचं. पहिली पाळी सुटली की थिएटर गाठायचं आणि घरी येऊन इथल्या एका साप्ताहिकासाठी परीक्षण लिहायचं. नोकरी संपल्यावर तेवढंच उरलं. मुलीने दोन्ही कानांसाठी मशीन घेऊन दिलं, तेव्हा संवाद पुन्हा नीट कळायला लागले.

मागच्या वर्षी वाकडच्या एका मॉलमध्ये समीक्षकांसाठी मराठी चित्रपटाचा खास खेळ होता. कुणी चोरून रेकॉर्डिंग करू नये म्हणून दाराशी टेबल टाकून मोबाइल पिशवीत सील करणं चाललं होतं. मी माझा दिला. गार्डने कानाकडे बोट केलं.

“काका, ते ब्लूटूथ काढा.”

“ब्लूटूथ नाही, ऐकायचं मशीन आहे.”

“मोबाइलला जोडता येतं का?”

खोटं बोललो असतो तर सुटलो असतो. “येतं,” मी म्हणालो.

त्याने वितरकांकडून कामाला आलेल्या मुलीला बोलावलं. ती सभ्यपणे म्हणाली, “मला पटतंय सर, पण कुठलंच इलेक्ट्रॉनिक उपकरण आत नको, असं मुंबईच्या ऑफिसातून लेखी आलंय.” तिने तिकडे फोन लावला. मी बाजूला उभा राहिलो. मागचे लोक एकेक करून आत गेले. फोन कुणी उचलला नाही. “मशीन इथे ठेवून बसा सर, नाहीतर...”

तेव्हाच घरी जायला हवं होतं. मी दोन्ही मशीन काढून गार्डच्या हातात दिली.

आत नुसती धडधड पोचत होती. बाप आणि मुलगा जेवताना बराच वेळ बोलत होते, पण बाप पाठमोरा होता, ओठही दिसत नव्हते. रांगेतले लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा. नंतर तेही सोडून दिलं.

बाहेर आल्यावर गार्डने कागदात गुंडाळलेली मशीन परत दिली. “राग मानू नका काका. मीबी चाकणलाच होतो, कंत्राटावर. कामावरून कमी केलं. इथूनबी काढलं तर गावाकडं जावं लागंल.” त्याच्यावर काय राग धरणार?

संपादकांना फोन करून सांगितलं, मला काही ऐकू आलेलं नाही, मी लिहिणार नाही. ते म्हणाले, “गोष्ट त्यांच्या प्रसिद्धिपत्रकात आहे की. पान छपाईला जायचंय, राव.”

मी लिहिलं. पार्श्वसंगीत संयत आहे, असंही लिहिलं. दोन दिवसांनी एका जुन्या वाचकाचा मेसेज आला: संगीताबद्दल अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

मग पिंपळे गुरवच्या कानाच्या डॉक्टरांकडून, मशीन गरजेचं आहे अशी चिठ्ठी आणली. पुढच्या खेळाला वितरकांकडच्या त्याच मुलीने चिठ्ठीचा फोटो काढून मुंबईला पाठवला. “उत्तर आलं की कळवते सर.” उत्तर आलेलं नाही.

आता अशा खेळाला जाताना मी मशीन घरीच कपाटात ठेवतो. दाराशी हुज्जत होत नाही. माझी मुलगी विचारते, कान रिकामे का? बॅटरी उतरलीय, असं सांगतो.