पक्क्या मास्तरांचं बटण

मास्तरांनी शिवलेलं कापड विरून जाईल, पण शिवण हलायची नाही. गल्लीत सगळे त्यांना 'पक्के मास्तर' म्हणत आणि मास्तर ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवत. जीभ मात्र कात्रीहून धारदार. "गोड बोलायला मी काय मिठाई विकतो?" असं ते बायकोलाच विचारत.

अशा माणसाकडे कंपाउंडरकाका दर बुधवारी मास्तरांनीच शिवलेल्या शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन येऊ लागले. म्हणजे पक्केपणाला बट्टाच! काकांचा दवाखाना सुटलेला, काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, लेक दूर देशी. मास्तर बटण लावत आणि काका स्टुलावर बसून दवाखान्यातल्या त्याच त्या गमती सांगत. काम झालं तरी अर्धा तास हलत नसत.

सहाव्या बुधवारी मास्तरांनी शर्ट उजेडात धरला. झिजून तुटलेल्या दोऱ्याचं टोक केसाळ असतं. हे टोक सरळ होतं, कात्रीनं कापलेलं. मास्तरांचं डोकंच फिरलं. आपल्या कामाला कात्री लावून वर आपल्यालाच नावं ठेवायला येतो हा माणूस? त्यांनी गाद्या शिवायचा मेण लावलेला दोरा काढला आणि पाचही बटणं नव्यानं घट्ट शिवली.

"घ्या. आता तुम्ही जाल, पण ही जायची नाहीत. पुन्हा यायची गरज नाही."

काका कसनुसं हसले, शर्टाची घडी घातली आणि गेले. गेले ते गेलेच.

पहिला बुधवार मास्तरांना निवांत वाटला. दुसऱ्या बुधवारी त्यांनी चारदा दाराकडे पाहिलं. तिसऱ्या बुधवारी बायकोनं काज करता करता तोंड उघडलं.

"अहो, ते काय बटणासाठी येत होते?"

मास्तरांचं मशीन थांबलं. कापलेला दोरा त्यांना बरोबर ओळखू आला होता; तो का कापला एवढं मात्र कळलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. कात्री खिशात टाकून ते तसेच काकांच्या घरी निघाले.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली होती. टीव्ही चालू होता, समोर एकच खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर तोच शर्ट, आणि शेजारी नखं कापायची छोटी कात्री, टोकाशी वाकलेली.

"दोरा फारच पक्का निघाला हो, मास्तर," काका ओशाळून म्हणाले. आवाज घोगरा होता. त्यांनी घसा खाकरला. "माफ करा. चार दिवसांत कुणाशी बोललोच नाही. तुम्ही येऊ नका म्हणालात, मग नाही आलो."

"मी बोलतो ते सगळं ऐकायचं असतं का?" मास्तर खेकसले.

त्यांनी शर्ट ओढला, कात्री काढली आणि स्वतःच्या हातानं पाचही बटणं कापून काकांच्या तळहातावर ठेवली. स्वतःचं काम त्यांनी जन्मात असं तोडलं नव्हतं.

"दर बुधवारी एक लावीन. घाईचं काम मला जमत नाही. पहिलं आजच. चला, चपला घाला."

काकांनी बटणं मोजून मुठीत घेतली. "आणि पाच झाली की?"

"मग बाह्या उसवू," मास्तर म्हणाले.