तपासणीचे मासे

हातात काहीही द्या, ती आधी नाकाला लावायची. चहाचा कप, गेटपास, कँटीनमधला वडा, काहीही. एकदा मी गंमत म्हणून आमच्या प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या हातात दिला. शिक्का, सही, सगळे आकडे मर्यादेत. तिनं तोही हुंगला आणि परत केला.

"ह्याला कसलाच वास न्हाई की वं सायेब."

"कागद आहे मावशी. त्याला कसला वास येणार?"

"पाण्याचाच कागूद ना? मग पाण्याला येतोय त्यो ह्याला नगं यायला?"

मी कृष्णाकाठच्या एका मद्यार्काच्या कारखान्यात केमिस्ट आहे. मळीपासून मद्यार्क काढला की मागं उरतं ते तपकिरी, आंबूस, डोकं उठवणारं पाणी. त्यावर प्रक्रिया करून ते 'शुद्ध' करायचं, ही माझी नोकरी. हा शब्द आमच्याइतका कुणी नासवला नसेल. असे कारखाने तुम्ही आतून पाहिले असतील तर प्रक्रिया केंद्राच्या शेवटची छोटी टाकीही पाहिली असेल. शुद्ध केलेलं पाणी तिच्यात घेतात आणि मासे सोडतात. सरकारी साहेब लोक तपासणीला येतात, मासे पोहताना बघतात, फोटो काढतात आणि जेवायला जातात. आमच्या टाकीत मासे दोन दिवसांवर जगत नसत. म्हणून तपासणीच्या सकाळी ताजे मासे आणून सोडायला एक माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे ही मावशी.

ती भोयाची. नवरा गेल्यावर होडी तिनंच चालवली, जाळं तिनंच टाकलं. नदीत मळीचं पाणी यायला लागलं तशी मासळी कमी होत गेली. गावाच्या वरच्या अंगाला एक खोल डोह होता, तेवढ्यात काय ते शिल्लक राहिलं. पोटापुरतं मिळेना, तेव्हा तिनं आमचं काम धरलं. कुंडलकडच्या एका शेततळ्यातून ती चिलापी आणायची. नदीतला मासा नव्हे, नदीतला मासा आमच्या टाकीत तासभरही टिकला नसता. "चिलापी गटारात बी जगतंय," ती म्हणायची, "तुमच्या हितं मातुर त्येचं बी काय चालंना."

वडापच्या जीपमधून प्लास्टिकचं पिंप घेऊन ती उतरायची. आल्याबरोबर टाकीतलं निम्मं पाणी उपसायला लावायची आणि विहिरीचं पाणी ओतायला सांगायची. ही युक्ती तिचीच. मी नको म्हणालो नाही. उलट तिला म्हणालो, "मावशी, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं." ती खळखळून हसली. "आवं, मग केमिस्ट मलाच करा की."

एकदा तपासणी चार दिवस पुढं गेली. तिसऱ्या दिवशी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते, डोळ्यांवर पांढरी साय. मावशीनं एकेक मासा ओंजळीत उचलला आणि कुंपणाजवळ खड्डा करून पुरला. उभा जन्म मासे मारून विकलेली बाई. मी म्हटलं, "मावशी, मासेच आहेत."

ती चिडली. "खायासाठी मारलं तर पाप न्हाई. ही कशापायी मारली? तुमच्या फोटूपायी?"

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मीच फोन करून तिला नवे मासे आणायला सांगितले.

मग जपानची बातमी आली. कँटीनमधल्या टीव्हीवर दाखवत होते: अणुभट्टीचं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडणार, लोक रस्त्यावर उतरलेत, अधिकारी म्हणतायत पाणी सुरक्षित आहे, आणि त्या पाण्यात मासे ठेवून दाखवतायत. कँटीनमध्ये लगेच दोन तट पडले. एकजण म्हणाला, "समुद्र केवढा! त्याला काय फरक पडतोय?" दुसरा म्हणाला, "मग घरातच ठिवा की ते पाणी." मावशी दाराशी पिंप धुवत होती. तिनं मान वर करून विचारलं, "त्येंचं मासं कोण आणून देतंय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तिकडचं मला माहीत नाही, तिथले मासे खरेही असतील. इकडचं मात्र पुरतं माहीत होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी लागली. नवा पाइप घालून शुद्ध केलेलं पाणी थेट नदीत सोडायचं होतं, आणि पाइपचं तोंड डोहाच्या अगदी वर येणार होतं. आवारात मांडव, खुर्च्या, बाटलीबंद पाणी आणि जिलेबी. नदीचं भांडण बाटलीतलं पाणी पिऊन चाललं होतं, आणि बाटली मीही फोडलीच.

एक शेतकरी उठला. "पाणी एवढं ग्वाड हाय तर तुमच्याच उसाला पाजा की. नदीत कशाला?" टाळ्या पडल्या. दुसरा म्हणाला, "माझी दोन पोरं हितंच कामाला हायती. कारखाना बंद पाडताय व्हय?" त्यालाही टाळ्या पडल्या. मग आमचे मॅनेजर शांतपणे म्हणाले, "वाद कशाला? चला, मासेच बघा."

सगळी वरात टाकीपाशी आली. सकाळीच सोडलेल्या चिलाप्या मजेत फिरत होत्या. सुनावणी घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यांनी मान डोलावली. तेवढ्यात गर्दी सारत मावशी पुढं आली.

"सायेब, ही मासं मी आणलीती. आज सकाळच्या पारी. निम्मं पाणी हिरीचं हाय. दर टायमाला मीच आणती. परवा या, एक बी जित्तं दिसायचं न्हाई."

हे बोलल्यावर तिचं आमच्याकडचं काम जाणार, हे तिला कळत होतं. तिला डोह हवा होता.

अधिकारी माझ्याकडं वळले. "तुम्ही केमिस्ट ना? ही बाई म्हणते ते खरं आहे का?"

मी म्हणालो, "देखभालीसाठी आम्ही मासे अधूनमधून बदलतो, सर. बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय."

किती सफाईनं आलं ते तोंडातून! इतक्या वर्षांचा सराव होता. मावशी माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी बी व्हय?" आणि रिकामं पिंप उचलून चालू लागली. इतिवृत्तात लिहिलं गेलं: एका महिलेने कामाबाबत वैयक्तिक तक्रार केली.

पाइप झाला. पहिल्याच हंगामात डोहातले मासे काठाला लागले. वांब, शिंगटे, बोटाएवढी पिल्लं. वास गावात शिरला, लोकांनी नाकाला पदर लावले, दोन दिवस बातम्या आल्या. मावशी होडी विकून दुष्काळी म्हसवडच्या बाजूला लेकीकडं राहायला गेली होती. तिकडं तिला पोहण्यापुरतं पाणीही बघायला मिळत नसणार.

न राहवून मी तिला फोन केला. माफी मागायची होती, पण पाऊसपाण्याचंच विचारत राहिलो. मग तिनंच विचारलं, "डोहात काय ऱ्हायलंय का?"

"नाही मावशी. काहीच नाही."

पलीकडं शेळ्या ओरडत होत्या. ती म्हणाली, "मग आता तरी सांगा की सायेब, खरं काय ते. आता कशाला भ्यायचं?"

सांगतो म्हणालो. त्याला दीड वर्ष झालं. सांगितलेलं नाही. हे लिहितोय तेही कारखान्याचं नाव गाळून. गेल्या आठवड्यात तपासणी झाली, शेरा मिळाला 'समाधानकारक'. कुंडलहून मासे मीच आणले होते.