डझनाच्या भावातले हातमोजे

बारा जणांनी मिळून मला फसवलं, आणि त्या बारांत माझी मुलगी पहिली होती.

बेगम बाजारात तीस वर्षं मी बादल्या, दोर, झाडू, पायपुसणी असा घरगुती माल ठोक भावाने विकतो आहे. देगलूरकडच्या गावातून आलो, गौलीगुड्याच्या बस अड्ड्यावर उतरलो, आधी पोती उचलली, मग हातगाडी ओढली, मग दुकान केलं. मला कोणी फसवलंच नाही असं नाही. पण कशात फसवलं ते मला त्याच दिवशी कळायचं. वजनात, मापात, नाहीतर रंगात. या बारा जणांनी मला नेमकं कशात फसवलं हे मला अजून धड सांगता येत नाही. म्हणून घडलं तसं लिहितो.

मुलगी दातांची डॉक्टर आहे. दुसऱ्याच्या दवाखान्यात बसते. दर रविवारी पहाटे काचीगुड्याच्या आमच्या घरातून सायकल गाडीच्या टपावर बांधून गंडीपेट तलावाच्या पलीकडे जाते. तिथल्या खडकाळ माळावर तिच्यासारखे आणखी अकरा जण जमतात आणि सायकली उतारावरून खाली सोडतात. सायकल कशासाठी असते हे मला माहीत होतं. दुधासाठी, पेपरसाठी, कामावर जाण्यासाठी. दगडांवरून खाली पडण्यासाठी एवढी महागाची सायकल घेतात हे मला तिने दाखवलं.

एका रविवारी ती पडली. हात टेकला आणि उजव्या तळहाताच्या मुळाशी रुपयाएवढं कातडं निघालं. नऊ दिवस तिला हातात अवजार धरता आलं नाही. तिचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेले.

"सायकल विकून टाक," मी म्हणालो.

"पडलं म्हणून कोणी सायकल विकतं का पप्पा? तुम्ही स्कूटरवरून किती वेळा पडलात?"

"मी लोकांचे दात काढत नाही. हात गेला तर खाशील काय?"

"तुमची पायपुसणी विकीन."

बायको हसली. मी हसलो नाही. तासभर भांडण झालं आणि शेवटी सौदा ठरला: चांगले हातमोजे घालून चालवायची, हातमोजे नसतील त्या दिवशी सायकल विकायची. हातमोजे मी आणणार म्हणालो. ती म्हणाली, "नको पप्पा, ते हातात घालून बघावे लागतात."

"तीस वर्षं माल घेतोय मी."

ती गप्प बसली. बाजारात समोरचा गप्प बसला की सौदा झाला. मी तेच धरलं.

मापाचं बायकोला विचारलं. ती म्हणाली, "बांगडी दोन-चारची लागते तिला. तेच सांगा."

गच्चीबावलीच्या बाजूला सायकलींचं एक काचेचं दुकान आहे. तिथे एका तरुण बाईने माझ्यासमोर पाच जोड मांडले. मी तिला सगळ्यात मजबूत कुठला विचारलं. तिने सगळ्यात पातळ पुढे सरकवला. त्याचा तळवा कांद्याच्या सालासारखा, आणि किंमत सगळ्यात जास्त. जाड जोड सगळ्यात स्वस्त. मला वाटलं किमतीच्या चिठ्ठ्यांची चुकून अदलाबदल झाली. उलटून पाहिलं, बोट घालून पाहिलं, शिवण ओढून पाहिली. जितका माल कमी तितका भाव जास्त, असा हिशेब मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"हथेली पतली इसलिए है सर, कि ब्रेक हाथ को समझ में आए," ती म्हणाली.

"ब्रेक हाथ को क्यों समझना? ब्रेक तो सायकिल को समझना."

ती हसली. एका जोडाच्या अंगठ्यावर टॉवेलचं कापड शिवलेलं होतं. ते कशाला, असं विचारलं.

"पसीना पोंछने के लिए सर. और नाक भी."

अठराशे रुपयांच्या हातमोज्याला नाक पुसायचं फडकं! बोटाच्या टोकाला रबराच्या बारीक रेघा होत्या, बोटांच्या सांध्यावर पिठाच्या गोळीएवढं काहीतरी फुगीर होतं. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण होतं आणि प्रत्येक कारणानंतर मला आधीचं कारण आठवेनासं झालं. शेवटी तिने माप विचारलं. मी म्हणालो, बांगडी दोन-चार. ती तेलुगू, तिला बांगडीचं माप बरोबर कळलं. स्वतःच्या मनगटाकडे पाहून म्हणाली, "मेरा भी वही है सर. मगर बांगडी में अंगूठा दबा के डालते ना, ग्लव में अंगूठा अलग रहता. बेटी को लेके आइए."

"बेटी को काम रहता. डझन का भाव क्या है?"

"डझन?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "आपकी बेटी के हाथ तो दो ही हैं ना सर?"

तिला कदाचित गंमत करायची होती. पण मागे दोन गिऱ्हाइकं हसली. मी जोड तिथेच टाकला आणि निघालो. एक नग विकत घेणं ही गोष्टच मला जमत नाही. डझनाचा भाव विचारल्याशिवाय मालाची खरी किंमत कळत नाही, हे मी पोती उचलायच्या दिवसांत शिकलो.

माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे हातमोज्यांचा ठोक व्यापारी आहे. वेल्डिंगवाले, कारखानेवाले, मोटरसायकलवाले त्याच्याकडून नेतात. आमची वीस वर्षांची ओळख.

"क्या होना सेठ?"

"पहाड़ पे सायकिल चलाने के हाथमोजे."

"पहाड़ पे सायकिल? कैकू?"

"मेरेकू भी नै मालूम, मियाँ. तुम माल दिखाओ."

त्याने काळे, जाड, बोटांवर टणक प्लास्टिकच्या टोप्या बसवलेले हातमोजे काढले. एक स्वतःच्या हातात घातला, हात गल्ल्यावर ठेवला, दुकानातलं दोन किलोचं वजन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मारो." मी मारलं. तो हसत राहिला. काचेच्या दुकानात असं कोणी दाखवलं नव्हतं. मला बरं वाटलं. निदान इथे जाड म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे जाड होतं.

भाव दोन कप चहा चालला. मी दोनदा उठलो, त्याने दोनदा परत बोलावलं. "आपसे भाव करना बोले तो हड्डी पे से गोश्त उतारना," म्हणाला. डझनात एकच माप होतं, मोठं. मी बांगडी सांगितली तर त्याने हात झटकला. "बड़े में छोटा हाथ जाता सेठ, छोटे में बड़ा नै जाता." खरंच होतं ते. बारा जोड घेतले. मुलीला एक आणि तिच्या अकरा साथीदारांना एकेक. ते पडले तर त्यांनाही आईबाप आहेतच.

मुलीने हातमोजे घालून पाहिले, बोटांची टोकं मोकळी लोंबत होती. "छान आहेत पप्पा," म्हणाली.

पुढच्या रविवारी फोनवर फोटो आला. बारा जण, चोवीस काळे हात वर, मागे खडक. खाली लिहिलेलं, थँक्यू अंकल. त्यानंतर दर रविवारी फोटो. मी तो शेजारच्या दुकानदाराला दाखवला, हमालांना दाखवला, हातमोजेवाल्याला तर दर सोमवारी दाखवला. तो म्हणायचा, "सेठ, पहाड़ पे मेरा माल चढ़ गया!" असे पाच महिने गेले.

मग एका रविवारी मला वाटलं आपण बघून तरी यावं. बायकोने मोठा डबाभर सुशीला केला, मुरमुऱ्यांचा, भरपूर शेंगदाणे घालून. मी न सांगता दुकानाची गाडी घेऊन गेलो. उतार जिथे संपतो तिथे त्यांच्या गाड्या उभ्या होत्या. एक गृहस्थ चाक काढून पंक्चर काढत बसले होते. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर, बँकेत अधिकारी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. हात उघडे.

मला पाहिलं आणि ते उठले. शेजारच्या गाडीच्या डिकीत हात घातला, एका पिशवीतून माझे हातमोजे काढले आणि घाईघाईने घालायला लागले. दोन्ही डाव्या हाताचे. पिशवी मी पाहिली. बाकीचे सगळे जोड तिथेच होते, नवेकोरे, काहींच्या आतली चिठ्ठीसुद्धा तशीच.

"ये क्या है साहब?"

"भाईसाब, वो... धूप में सुखाने रखे थे."

डिकीत ऊन कसं येतं हे मी विचारणार तेवढ्यात वरून आवाज आला. माझी मुलगी उतारावरून येत होती. शेवटच्या वळणावर एक पसरट दगड आहे, त्यावरून पुढचं चाक घसरलं आणि ती माझ्या डोळ्यांसमोर पडली. दोन्ही हात पुढे. तसेच घासत थांबली.

मी धावलो. ती उठून बसलेली होती. हातात काळे नव्हते, राखाडी, पातळ हातमोजे होते. उजव्याचा तळवा फाटला होता. मी तो ओढून काढला. आत हात लाल झालेला, पण कातडं जागच्या जागी.

"पप्पा? तुम्ही इथं?"

"माझे हातमोजे कुठं आहेत?"

तिने डिकीकडे पाहिलं, मग बँकवाल्यांच्या दोन डाव्या हातांकडे. काय समजायचं ते ती समजली.

"पहिल्याच रविवारी घातले होते," ती म्हणाली. "उतारावर ब्रेक दाबायला गेले तर हातमोज्याच्या बोटाचा जाड भाग ब्रेकची दांडी आणि हँडलच्या मधे गोळा झाला. ब्रेक लागलाच नाही."

"मग?"

"मग काय. कोपर."

मला कोपर आठवलं. सुजलं होतं. येताना दवाखान्यात डोकावले, तिथल्या दारावर आपटलं, म्हणाली होती.

"आणि हे फोटो?"

"फोटोपुरते घालायचो. तुम्ही साऱ्या बाजारात दाखवत होतात. आणि हातमोजे नाहीत म्हटलं की तुम्ही सायकल विकली असती. तसंच ठरलं होतं ना?"

तोवर बाकीचे खाली आले होते. सगळ्यांनी मान खाली घातली. बँकवाले म्हणाले, "बच्ची बोली पापा का दिल टूट जाएगा. हमारा क्या, दो मिनट का काम था भाईसाब."

मी फाटका हातमोजा हातात धरून उभा होतो. कांद्याचं साल. हे साल फाटलं आणि हात वाचला. ते जाड काळं धूड दोन किलोचं वजन झेलतं आणि त्याने माझ्या मुलीला पाडलं. "मजबूत कुठला मग?" मी विचारलं.

"जाड तो पडल्यावर कामाचा पप्पा. हा पातळ, पडू नये म्हणून."

"पण तू आत्ता पडलीस की!"

सगळे हसले. तीही हसली. मी खरंच विचारत होतो. त्यांनी सुशीला खाल्ला, डबा पुसून दिला, परत थँक्यू म्हणाले. मी गाडीत बसलो आणि रस्ताभर हिशेब लावत राहिलो.

हातमोजेवाल्याने फसवलं का? नाही. मी मजबूत मागितलं, त्याने मजबूत दिलं. काचेच्या दुकानातल्या बाईने? तिने खरं तेच सांगितलं, मुलीला घेऊन या म्हणाली, मीच उठून आलो. मग माझी चूक म्हणाल तर माझी. मी मान्य करतो. माल घेताना चूक होते. पण माझ्या दुकानात कोणी बाई महिन्याने तुटक्या कडीची बादली घेऊन आली तर मी ओरडतो, खूप ओरडतो, आणि बादली बदलून देतो. आजवर एकही परत पाठवलेली नाही. खराब माल परत आणायचा आणि दुकानदाराने तो परत घ्यायचा, यावर बाजार उभा आहे. माझी मुलगी त्याच गल्ल्यावर बसून अभ्यास करत मोठी झाली. मी आधी ओरडतो आणि मग बदलतो हे तिने शंभर वेळा पाहिलं आहे. मग बारा जणांत एकालाही "अंकल, माल चुकीचा आहे, परत न्या" एवढं म्हणवलं नाही?

अकरा जण परके आहेत, त्यांना सोडतो. पण कोपर सुजलं त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी ती माझ्यासमोर जेवायला बसली होती. हात वर उचलवत नव्हता म्हणून चमचा मागितला. दार लागलं म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दवाखान्यात आमचा सुतार पाठवला. त्याने तिथल्या धडधाकट दाराची कड रंधा मारून गोल केली, आणि ती शेजारी उभी राहून बघत होती, सुतारानेच सांगितलं. ब्रेक न लागलेल्या त्या हाताचं मनगट मोडलं असतं तर तो हात माझ्याच हातमोज्यात असता. ती म्हणते, तुम्ही ओरडला असता. हो, ओरडलो असतो. तासभर. त्यानंतर मी तिला स्वतः त्या काचेच्या दुकानात घेऊन गेलो असतो.

मग पोरी, माय माझे, त्या सुताराला तू दार कुठून तासायचं ते बोटाने दाखवलंस, तेव्हा मला एक फोन का केला नाहीस? मला याचं उत्तर पाहिजे. तुझ्या आईने मधे पडायचं नाही. तूच द्यायचं.