शेवटच्या बाकावरच्या सगुणाबाई

"पुसू नका, पाळकसाहेब."

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्या सीताबर्डीच्या चर्चमध्ये हे वाक्य हमखास ऐकू यायचं. प्याला एकच. तो सगळ्या मंडळीतून फिरायचा आणि एकेकाचा घोट झाला की पाळकसाहेब त्याची कड पांढऱ्या कापडाने पुसायचे. सगुणाबाई शेवटच्या बाकावर बसत, प्याला न पुसताच मागून घेत आणि उरलेला द्राक्षारस तळापर्यंत पिऊन टाकत. नव्या माणसाला ते चमत्कारिक वाटे. मलाही वाटलं.

मी बाहेरगावी बोर्डिंगात वाढले आणि बऱ्याच वर्षांनी मिशनच्या मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण होऊन परत आले होते. सगुणाबाई बायबलबाई होत्या. घरोघर जाऊन बायकांना अक्षरं शिकवायची आणि शुभवर्तमान वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. मूळच्या शहरातल्याच जुन्या महाल वस्तीतल्या, भोसल्यांच्या दफ्तरात कारकुनी केलेल्या घराण्यातल्या. बालविधवा. बाप्तिस्मा घेतला आणि माहेर-सासर दोन्ही एका दिवसात तुटलं. तरी बोलण्यात कडवटपणा म्हणून नव्हता.

एकदा त्यांच्याबरोबर मी इतवारी पेठेतल्या एका घरी शिकवायला गेले. त्या घरी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि आम्ही उठलो न उठलो तोच सुनेने आमच्या जागेवर तांब्याभर पाणी ओतलं. माझं डोकंच फिरलं. बाई मात्र हसत होत्या.

"काहून तापून राहिली वं? उन्हाळ्यात ओटा थंड झाला बिचारीचा. अन् ते पाणी माह्या ओळखीचं आहे."

परतताना मी थट्टेने म्हटलं, "बाई, चर्चमध्येही तुम्ही सगळ्यांच्या मागे. एवढी नम्रता बरी नव्हे, आम्हाला लाज वाटते."

त्या रस्त्यातच थांबल्या.

"नम्रता नाही वं. माह्यं पहिलं प्रभुभोजन होतं. बाजूले तुही आजी बसली होती."

माझी आजी कन्हानकडची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. दवाखान्यात झाडलोट करायची.

"तिनं घोट घेतला अन् प्याला माह्यापाशी आला. तवा पुसायची चाल नव्हती. मी ओठ मिटूनच तो तोंडाले लावला. पाळकांले वाटलं, प्याली. तुह्या आजीनं मात्र पाहिलं. पुढच्या खेपेले ती मागं सरकली अन् म्हणे, 'आधी तुम्ही घ्या, बाई.' घरदार सोडलं, पण सोवळं नाही सुटलं माह्यानं. माफी मागीन, मागीन म्हणता म्हणता ती गेली. तवापासून तिच्याच जागी बसतो मी."

खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही, राग आला. लहानपणी सुट्टीत मी आजीजवळ त्याच शेवटच्या बाकावर बसायची. सगळ्यांचं झाल्याशिवाय ती हात पुढे करत नसे. मी समजत होते, तिची सवयच तशी असेल. एवढी वर्षं ती ते मुकाट गिळून बसली होती. मी बाईंना तिथेच रस्त्यावर सोडून निघून आले आणि पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही कधी हाक मारली नाही.

मग एका सकाळी पाळकसाहेबांचा निरोप आला. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि प्रभुभोजन घ्यायला त्या तयार नव्हत्या. मी यावं, एवढंच म्हणत होत्या.

मी बाईंच्या खोलीत उशाशी जाऊन बसले. बाई केवढ्याशा झाल्या होत्या! पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि प्याला त्यांच्यापुढे धरला. बाईंनी ओठ घट्ट मिटले. पाळकसाहेबांना वाटलं, त्राण नाही. मग बाईंनी मान माझ्याकडे वळवली आणि कसंबसं म्हणाल्या,

"आधी तुम्ही घ्या, बाई."

पोरीएवढ्या मला त्यांनी 'तुम्ही' म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. आजी असती तर तिने काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं. मी प्याला घेतला आणि एक घोट प्यायले. पाळकसाहेबांनी सवयीने पांढरं कापड उचललं.

"पुसू नका, पाळकसाहेब," मी म्हटलं आणि प्याला तसाच बाईंच्या ओठांना लावला.

त्या तळापर्यंत प्यायल्या.