बेडकी आणि उत्तम मैदा

लोहाऱ्याच्या आठवडी बाजारात कोऱ्या छातीचं एक तरी लेकरू दाखवा आणि माझी मिशी भादरून न्या, असं मी काळ्यापिवळ्या जीपमध्ये बावीस माणसांसमोर म्हणालो होतो. मिशी अजून जागेवर आहे.

कुणाच्या पोटावर छापलेला उंदीर, कुणाच्या पाठीवर हत्ती, कुणाच्या ढुंगणावर दात विचकणारं मांजर. तहसीलच्या भिंतीवर चिकटवलेल्या जाहिराती परवडल्या, त्या निदान रांगत येऊन आपल्या मांडीवर मुतत नाहीत. आणि आईबापांचा तोरा तर विचारू नका. पाहुणा टेकला रे टेकला की लेकराचा सदरा ताणून धरायचा आणि विचारायचं, ओळखा बरं हे कोण. मला माझ्या चुलतभावाची नातवंडं ओळखू येत नाहीत, मांजरं कुठून ओळखू?

हे सगळं मी दुसऱ्यांच्या लेकरांबद्दल बोलत होतो तोवर ठीक होतं. मग धाराशिवहून येताना माझाच मुलगा आपल्या लेकीसाठी टी-शर्ट घेऊन आला. नात चार वर्षांची, नुकतीच अंगणवाडीत जायला लागलेली. टी-शर्टवर जांभळा बेडूक. डोळ्यांवर काळा गॉगल, बगलेत छत्री, आणि चेहरा असा की जणू आजच सरपंचकीला निवडून आलाय. असला बेडूक आमच्या विहिरीत निघाला असता तर मी विहीर बुजवली असती.

तो अंगात गेला तो निघेचना. नात त्यात जेवली, त्यात झोपली, त्यात चिखलात लोळली. सतराव्या दिवशी झोपेत तिच्या अंगातून काढून भिंतीला टेकवला, तर तो आपापला उभा राहिला. सूनबाईनं त्याला बाहीला धरून बादलीपर्यंत चालवत नेलं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मी सूनबाईला म्हटलं, हे थांबव. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "लेकरू हाय मामंजी, घालू द्या की. बेडूक काय चावतोय व्हय?"

मग मी चूल विझेपर्यंत बोललो. म्हटलं, लेकरानं बेडूक मागितला नव्हता, तुझ्या नवऱ्याला हौस. आज सदरा, उद्या बेडकाचं दप्तर, परवा बेडकाची बाटली, आणि तेरवा हिच्याऐवजी बेडूकच अंगणवाडीत जाईल. घरात येणारा प्रत्येक जण बेडकाकडं बघून हसतो. ही कोण, हिचे डोळे कुणावर गेलेत, हे विचारायला कुणाला सवड आहे? सूनबाईनं भाकरी उलटली. माझं बोलणं भाकरीच्या वाफेत जमा.

इथपर्यंत हे नुसतं माझं तोंड होतं. पण एका सकाळी नातीला अंगणवाडीत सोडायला गेलो आणि दारातून पंधरा पोरं एका सुरात ओरडली, "बेडकी आली."

मी दारातच थबकलो. का थबकलो, हे सांगायचं तर मला माझी चड्डी काढावी लागेल, म्हणजे गोष्टीत.

मी नातीएवढा होतो तेव्हा लोहाऱ्यातल्या एका बेकरीवाल्याकडून आमच्या आईनं मैद्याचं रिकामं पोतं आणलं. तेव्हा ही पोती चांगल्या सुती कापडाची असायची. त्यातून तिनं हातानं मला चड्डी शिवली. पोत्यावर निळ्या शाईत छापलेलं होतं, उत्तम मैदा. ते बरोबर मागं आलं. डाव्या बाजूला उत्तम, उजव्या बाजूला मैदा. आईनं सोड्यात उकळली, राखेनं घासली, दगडावर इतकी आपटली की दगडाला खळगा पडला. अक्षरं हलली नाहीत. आता बघा नशीब. मी घसरगुंडी खेळायचो ते डावीकडं झुकून. त्यामुळं उत्तम आधी झिजलं आणि त्यावर ठिगळ बसलं. मैदा तेवढा राहिला. रंगानं मी तव्याच्या बुडासारखा, आणि गावानं मला मैदा म्हणायला सुरुवात केली. चड्डी दोन वर्षांत फाटली. नाव साठ वर्षं झाली, अजून नवंकोरं आहे.

लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं कंसात मैदा छापला, का तर त्याशिवाय लोकांना नवरदेव कोण ते कळेना. वरात मुलीकडच्या गावात पोचली. आमच्याकडची पोरं ओरडली, मैदा आला, मैदा आला. मुलीकडच्या एका म्हाताऱ्यानं हात केला, आचाऱ्याकडं उतरवा. मी घोड्यावरून थेट चुलवणापाशी.

लोक हसतात, मीही हसतो. पण हे ओझं आहे. शाळेत हजेरीला खऱ्या नावानं हाक मारली की मीच इकडंतिकडं बघायचो, हा कोण म्हणून. माझ्या नातीचं नाव तिच्या आजीनं, माझ्या बायकोनं, जाण्याआधी ठेवलेलं. ते नाव त्या जांभळ्या बेडकानं गिळावं? आमचं गाव एकदा चिकटवलेलं काढत नाही.

म्हणून मी चोरी केली. दोरीवर वाळत घातलेला टी-शर्ट काखेत मारला आणि गावाच्या कडेला राहणाऱ्या बोहारणीला दिला. ही बाई जुन्या कपड्यांवर भांडी देते. तिनं कापड उजेडात धरलं, नाक मुरडलं आणि चहाची गाळणी दिली. घरी नातीनं शोध शोध शोधलं. वाऱ्यानं नेला असेल, मी म्हटलं. सूनबाई नव्या गाळणीनं चहा गाळत माझ्याकडं बघत राहिली.

तीन दिवस नात कोऱ्या सदऱ्यात गेली. चौथ्या दिवशी कडाक्याची थंडी. मी तिचं बोट धरून अंगणवाडीजवळ पोचलो, तर समोरून बोहारणीची शेळी. अंगात जांभळा बेडूक. पुढचे पाय बाह्यांतून काढलेले, गॉगल बरोबर पोटावर. खोटं कशाला बोलू, नातीपेक्षा तिला जास्त शोभत होता.

दारातली पोरं ओरडली, "बेडकी आली." पण ती शेळीला म्हणत होती. मला एवढा आनंद झाला की मी शेळीच्या पाया पडायचाच बाकी होतो. कपड्याबरोबर नावही गेलं. सुटलो.

नातीनं माझं बोट सोडलं. धावत जाऊन शेळीपुढं उभी राहिली आणि पोरांना म्हणाली, "ती शेळी हाय. बेडकी मी हाय."

पोरांनी माना डोलावल्या. शेळीनंही हरकत घेतली नाही. तेवढ्यात मागून बोहारीण आली आणि काही विचारलेलं नसताना म्हणाली, "आज्यानंच दिलाय की, गाळणीवर."

नात माझ्याकडं वळली. "आजोबा, तुमी दिला?"

बावीस माणसांच्या जीपला थाप मारणारा मी. त्या पोरीपुढं एक थाप सुचली नाही. म्हटलं, व्हय. का, तिनं विचारलं. मग मी रस्त्यावर उकिडवा बसलो आणि चड्डीची सगळी गोष्ट सांगितली. आजवर गावानं ती शंभरदा सांगितली होती, मी स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा. वाटलं, आता हिला धोका कळेल.

तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे तुमी मैदा?"

"व्हय."

"मी बेडकी," ती म्हणाली. एसटीत शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांना गाव सांगतात तशी.

शेळीचा टी-शर्ट उतरवला. बदल्यात गाळणी परत द्यायचं कबूल केलं, वर माझा खांद्यावरचा टॉवेल गेला. तो गुंडाळून शेळी माझ्यापेक्षा रुबाबात निघून गेली.

माझं मत तसूभर हललेलं नाही. लेकराच्या अंगावर काय चढवताय ते आधी गावाच्या तोंडानं वाचून बघावं, नाहीतर कोरं कापड घ्यावं. हौशी आईबापांना मी अजूनही जीपमध्ये सोलतो.

पण त्या सकाळी नात दारात पोचली तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी तिला रोजच्यासारखं विचारलं, आज सोडायला कोण आलंय. नातीनं माझ्याकडं बोट दाखवलं आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उत्तम मैदा."

साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ते पूर्ण वाचलं.