सहावा मणी, एकशे सत्ताविसावा मणी

कोपर स्टेशनच्या बाजारात एका सराफाच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. वरच्या दोन गिऱ्हाइकांच्या, खालची रंगूबाईची. गेली एकतीस वर्षं ती त्या पायरीवर बसून बायकांची मंगळसूत्रं, ठुश्या, मोत्यांच्या माळा गाठवून देते. पायाच्या अंगठ्याला दोऱ्याचा फास, मांडीवर मण्यांचं ताट, दातांत दोऱ्याचं दुसरं टोक. दातांत दोरा असला तरी तिचं प्रश्न विचारणं थांबत नाही. फक्त ते समोरच्याला कळत नाहीत, एवढंच.

चौकशीचा तिला भारी सोस. नळवाला आला की पाणी चौथ्या मजल्यावर कसं चढतं ते विचारणार. दाढ काढली तेव्हा तिला मुळं किती असतात हे डॉक्टरला विचारलं, वर दाढ कागदात गुंडाळून घरी आणली आणि मुळं मोजली. शाळा चौथीतच सुटली, पण मोजणीत तिचा हात धरणारा कोणी नव्हता. सासऱ्यांनी काम शिकवलं तेव्हा पहिला धडाच तो होता: मणी डोळ्यांनी नाही, बोटांनी मोजायचे.

गेल्या महिन्यात मात्र गालबोट लागलं. संचिता नावाची जुनी गिऱ्हाईक मंगळसूत्र परत घेऊन आली. वाट्या मधोमध बसायच्या सोडून डावीकडे सरकलेल्या. रंगूबाईने मोजलं, एका बाजूला बहात्तर मणी, दुसऱ्या बाजूला एकोणसत्तर. संचिता बिचारी चिडली नाही. "होतं हो मावशी, वय झालं आता," एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं, इतकं ते रंगूबाईला झोंबलं.

तिचा मुलगा साईनाथ औषधांच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर गोळ्या मोजतो. त्या दिवसापासून तो घरी आला की आईने गाठवलेलं काम हळूच उचलायचा आणि तिला दिसणार नाही अशा बेताने मोजायचा. तिला सगळं दिसायचं. शेवटी तिनेच विषयाला तोंड फोडलं.

"चोरून काय मोजतोस रे? आता एकदा जरी माझी मोजणी चुकली, तरी सुई ठेवून देते. मग तर झालं?"

"झालं," साईनाथ म्हणाला. त्याला आईची काळजीच होती. पण तो हे जरा जास्तच पटकन म्हणाला, असं रंगूबाईला वाटलं.

आणि अशात अंतरा आली. शेजारच्या बिल्डिंगमधली, ठाण्याच्या कॉलेजात एमएस्सी करणारी मुलगी. हातात रंगीत मण्यांच्या वीस पुड्या आणि दोन कागद.

"मावशी, एक माळ गाठवून हवीय. पण घालायची नाहीये."

"मग काय देवाला वाहायचीय?"

"परीक्षेला न्यायचीय. प्रोजेक्ट आहे माझा, प्रोटीनचा." अंतरा पायरीवरच बसली. "अंड्याचा पांढरा भाग असतो ना, त्यात एक प्रोटीन असतं. प्रोटीन म्हणजे मुळात माळच. मणी वीसच प्रकारचे, पण कुठल्यानंतर कुठला हे ठरलेलं. या कागदावर तो क्रम आहे, एकशे सत्तेचाळीस मणी."

"आणि हा दुसरा कागद?"

"ही माळ सरळ नाही राहत. तिची गुंडाळी होते. मग माळेत लांब लांब असलेले मणी एकदम एकमेकांना चिकटतात. कोण कोणाला चिकटतं, किती अंतरावर, ते सगळं मी कम्प्युटरवर काढलंय. त्या जोड्या लाल दोऱ्याने बांधायच्या."

रंगूबाईने चष्मा वर सरकवून तक्ता पाहिला. पहिलीच जोडी होती सहा आणि एकशे सत्तावीस.

"अगं, सहावा कुठे नि एकशे सत्ताविसावा कुठे! एक गल्लीच्या या तोंडाला, दुसरा त्या तोंडाला. यांची गाठ पडते कशी?"

"तीच तर गंमत आहे."

"कोण आणतं त्यांना जवळ?"

"कोणी नाही. माळ सुटी सोडली की आपली आपण गुंडाळते, दर वेळी अगदी तश्शीच."

रंगूबाईने आजवर हजारो माळा गाठवल्या होत्या, आणि त्यातली एकही आपली आपण कुठे गेली नव्हती. तिने पुड्या ओढून घेतल्या. पैशांचं विचारायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

"चांदणीची खूण केलेल्या या चार जोड्या सगळ्यात महत्त्वाच्या," अंतरा उठता उठता म्हणाली. "पिवळे मणी आहेत ते. त्यांच्यात गंधक असतं, त्यामुळे त्यांची गाठ पक्की बसते. पिवळा मणी अशी गाठ पिवळ्याशीच बांधतो."

"म्हणजे तिथेही पत्रिका बघतात म्हण की!"

दोन दुपारींत माळ ओवून झाली. तिसऱ्या दिवशी रंगूबाईने लाल दोरा घेतला आणि सहाव्या मण्यावर बोट ठेवलं. तो पांढरा निघाला. एकशे सत्ताविसावा हिरवा. तिने दुसरी जोडी पाहिली, तिसरी पाहिली. पिवळ्याचा पत्ता नाही. चौथीत चौऱ्याण्णवावा तेवढा पिवळा होता, तर त्याचा जोडीदार शहात्तरावा तपकिरी.

तिने पहिल्यापासून मोजलं. मग उलटीकडून मोजलं. मग दर दहाव्या मण्यापाशी खडूची खूण करत मोजलं. एकशे सत्तेचाळीसच. क्रमही कागदाबरहुकूम. शिवाय एक नवंच कोडं पुढे आलं: चार जोड्या म्हणजे पिवळे आठ हवेत, माळेत होते नऊ. नववा कोणाचा?

संध्याकाळी तिने साईनाथकडून अंतराला माळेचा फोटो पाठवला, जोड्या जुळत नाहीत असं कळवून. अंतराने बोलूनच उत्तर धाडलं, आणि ते साईनाथच्या फोनवर खणखणीत वाजलं: "मावशी, ओवताना कुठेतरी मणी कमी-जास्त झाला असेल. होतं असं. टेन्शन नका घेऊ, मी रविवारी येऊन मोजते."

साईनाथने फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, आपलं काय ठरलेलं?"

"ठरलेलं माहितेय मला. रविवारपर्यंत थांब."

रागावली होती ती, आणि घाबरलीही होती. एकतीस वर्षं ज्या बोटांच्या भरवशावर काढली, ती बोटंच खोटं बोलायला लागली तर माणसाने धरायचं कशाला? पण सगळ्यात जास्त तिला तो नववा पिवळा छळत होता. आपण चुकलो असू तर चुकलो. पण तो एकटा कसा?

सकाळी ती पायरीवर बसली आणि तिने समोरची कामं बाजूला सारली. दुपदरी पोत गाठवताना ती एक करत असे: दोन्ही पदर वेगवेगळे ओवायचे, ताटात शेजारी शेजारी ठेवायचे आणि सोन्याचे मणी समोरासमोर येईपर्यंत एक पदर सरकवत न्यायचा. तिने तेच केलं. त्याच मापाचे काळे मणी घेऊन दुसरा पदर ओवला, आणि तक्त्यातल्या चांदण्यांच्या आठ आकड्यांवर तेवढे पिवळे मणी घातले. सहा, तीस, चौसष्ट, शहात्तर, असं करत एकशे सत्तावीसपर्यंत.

दोन्ही पदर शेजारी ठेवले. जुळले नाहीत. काळा पदर एक मणी पुढे सरकवला. नाही. आणखी एक. नाही. सराफ आतून विचारत होता, "रंगूबाई, आज धंदा करायचा नाही का?" तिने ऐकलंच नाही. अठरावा मणी ओलांडला आणि पिवळ्यासमोर पिवळा आला. पुढचाही आला. त्याच्या पुढचाही. आठच्या आठ, एकाही मण्याचा फरक नाही. नववा मात्र मागे राहिला, पहिल्या अठरांच्या घोळक्यात.

"माझी मोजणी बरोबर आहे!" रंगूबाई एवढ्या जोरात ओरडली की वरच्या पायरीवरची बाई दचकली.

सराफाच्या फोनवरून निरोप मिळताच अंतरा रविवारची वाट न बघता त्याच दुपारी कॉलेजातून थेट आली. ताटातले दोन पदर बघून ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला.

"अरे देवा. मावशी, हे पहिले अठरा मणी प्रोटीनमध्ये राहतच नाहीत. माळ पेशीतून बाहेर कुठल्या वाटेने न्यायची, ती खूण असते ती. बाहेर पडताना कापली जाते. माझा तक्ता कापलेल्या माळेचा आहे, आणि क्रम मी न कापलेल्या माळेचा घेतला. त्याच्यावरून मोजून रिपोर्टमध्ये सगळ्या मण्यांची नावं टाकलीत मी! सगळीच्या सगळी चूक!"

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या गुरुवारी."

"मग रडतेस कशाला, तेवढे दिवस भरपूर झाले." रंगूबाईने दोऱ्याचं मेण लावून कडक केलेलं टोक तिच्यासमोर धरलं. "हे बघ. हे नसेल तर दोरा मण्यातून जाणार नाही. आणि ओवून झालं की हे कापायचंच असतं. तुझे अठरा मणी म्हणजे हेच की गं."

अंतराने ते टोक बोटांनी चाचपलं. मग खाली मान घालून म्हणाली, "सॉरी मावशी. मी उगाच तुमच्या मोजणीवर शंका घेतली."

"घेतलीस खरी," रंगूबाई म्हणाली. राग गेला नव्हता, पण तिला ती मुलगी आवडतही होती. "आता सांग, तो नववा पिवळा त्या अठरांत काय करतो?"

"ते... मला नाही माहीत. सरांना विचारते."

"विचार. आणि मला येऊन सांग."

रंगूबाईने अठरा मणी मोजून माळ तिथे वाढवली. सौभाग्याचं काम करणारी बाई, दोरा तोडला असं ती अंड्याच्या माळेबद्दलही म्हणाली नाही. मग एकेक लाल गाठ मारत गेली. प्रत्येक गाठीसरशी माळ आत ओढली जात होती, वळत होती, आणि बघता बघता तिचा मुठीएवढा गोळा झाला.

संध्याकाळी साईनाथ घरी आला तेव्हा तो गोळा टेबलावर होता, शेजारी दोन गाठवलेल्या पोती. रंगूबाईने त्याला सगळं सांगितलं, अठराचं, आठाचं, नवव्याचं. तो ऐकत होता. ऐकता ऐकता सवयीने त्याचा हात पोतीकडे गेला.

"मोज," ती म्हणाली. "समोर मोज. चोरून नको."

साईनाथने पहिल्या मण्यावर बोट ठेवलं. मग पोत होती तशी खाली ठेवली आणि तो गोळा उचलला.

"आई, यातला सहावा कुठला?"

रंगूबाईने त्याचं बोट धरलं आणि सहाव्यावर ठेवलं. मग केसभर बाजूला नेलं, एकशे सत्ताविसाव्यावर.

"एवढ्या जवळ?" साईनाथ म्हणाला. "कसं काय गं?"