माझ्या एफवर उलटा फिरलेला पाडा

गिटारमध्ये एफ नावाची एक कॉर्ड असते आणि ती मला येत नाही.

एवढं एकच वाक्य मी त्या संध्याकाळी खणखणीत आवाजात सांगितलं असतं, तर आमच्या पाड्यातली चाळीसेक माणसं पेंढ्याच्या उडवीत शिरली नसती. पण मी पडलो भिडस्त! शिवाय घरातली माणसं कौतुकानं बघायला लागली की माझी जीभ टाळूला चिकटते.

मी तलासरीला हायवेवर टायरच्या दुकानात काउंटर सांभाळतो. एकदा कामासाठी वापीला गेलो आणि येताना गिटार घेऊन आलो. (कामाचं काय झालं ते विचारू नका.) तेव्हापासून मोबाइलवरच्या एका मास्तरांकडून शिकतोय. मास्तर म्हणजे केस वाढवलेलं, माझ्या भाच्याच्या वयाचं पोरगं. पण गुरू तो गुरू. मी मनातल्या मनात नमस्कार करूनच व्हिडिओ लावतो. तो सांगतो, "टेक्निक सुधारायचं तर घाई करू नका. वाद्यावर हुकमत आली म्हणजे काय? तर वाजवताना बोटांचा विचारच मनात येत नाही!"

माझ्या मनात येतो. एकच येतो : अरे बापरे, आता एफ!

एफला पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या आणि उरलेली बोटं भलतीकडेच ठेवायची. मी दाबल्या की चार तारा मुक्या होतात आणि दोन घोगऱ्या. एकूण आवाज येतो 'थड्डक'! त्यात जी नावाच्या कॉर्डवरून या एफवर जायला माझी बोटं एवढा वेळ घेतात की तेवढ्यात तलासरी स्टँडवरची एसटी वळून हायवेला लागते.

"अहो, ते रिपेर करून आणा ना," माझी बायको सुनीता एकदा म्हणाली. "मध्येच अडकतंय."

"गिटार चांगली आहे."

"मग अडकतंय काय?"

"मी!"

तर अशी आमची तयारी. आता नाचाकडे वळतो.

भात झोडून झालं की दरवर्षी आमच्या खळ्यात तारप्याचा नाच होतो. तारपा म्हणजे वाळक्या भोपळ्याचं, गाल फुगवून वाजवायचं हे लांबच लांब वाद्य. वाजवणारा मध्ये उभा, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणारे त्याच्याभोवती. नियम दोनच. तारप्याला पाठ दाखवायची नाही, आणि सूर बदलला की चाल बदलायची. एका सुराला उजवीकडे फिरायचं, दुसऱ्याला डावीकडे, तिसऱ्याला खाली बसायचं. वाजवणारा माझा लखमा मामा, आणि रांगेच्या तोंडाशी राहून सगळ्यांना फिरवणारी माझी जीवलीआत्या. मला समजायला लागल्यापासून या जोडीत बदल नाही.

यंदा मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डहाणूच्या डॉक्टरांनी ताकीद दिली, "फुंकायचं नाही. फुगासुद्धा नाही!" शेजारच्या पाड्यावरचा वाजवणारा घोलवडच्या कुठल्याशा रिसॉर्टवर पाहुण्यांपुढे वाजवायला गेलेला. पोरं म्हणाली, डीजे लावू. आत्या भडकली.

"त्या डब्याभोवती नाचू? तो बघतो काय माझ्या पायाकडं?"

मग ती खाटेवर टेकली आणि गुडघे चोळत एकदम हळू आवाजात म्हणाली, "या साली नाचले असते. पुढच्या साली हे गुडघे उठतील का नाय, कोण सांगणार? नाय जमत तर राहू दे."

याच बाईनं मला कडेवर घेऊन खळ्यात नाचवलंय. तिचा कदाचित शेवटचा नाच, आणि तो वाजवायला माणूस नाही म्हणून जाणार! मला खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात मामा खुर्चीतून ओरडला, "अरे, सुऱ्या हाय ना! त्याच्या वाद्याला फुंकायला पण लागत नाय. नुसतं खाजवायचं!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सुनीता मागून डोळ्यांनी 'नाही म्हणा, नाही म्हणा' करत होती. मी म्हणालो, "बघू." आणि आमच्याकडे 'बघू' म्हणजे हो!

संध्याकाळी खळ्यात मधोमध उभा राहिलो. बायकापुरुषांची रांग लागली, आत्या सगळ्यांत पुढे, नवी साडी नेसून, डोळे माझ्या बोटांवर रोखून. मी देवाचं नाव घेतलं आणि सी वाजवली. आत्याचं पाऊल पडलं. मागून चाळीस पावलं पडली. मग ए मायनर, मग जी. (या तिन्ही कॉर्ड मी इतक्या एकसारख्या वाजवतो की आत्याला तो एकच सूर वाटला.) रांग उजवीकडे झुलत निघाली. मला वाटलं, अरे, आपण वाजवतोय की!

आणि एफ आली.

बोटं शोधाशोध करायला लागली. आवाज बंद. रांग एक पाय उचलून थांबली. अख्खा पाडा एका पायावर उभा! मी घाईघाईनं बोट आडवं टाकलं आणि तारांवर हात मारला. थड्डक!

आत्या गर्रकन वळली आणि डावीकडे निघाली.

मी हादरलो. माझ्या चुकीला आजवर फार तर सुनीता कूस बदलते. इथे चाळीस माणसं दिशा बदलत होती! त्या धक्क्यात पुढची सी हुकली. थड्डक! रांग पुन्हा उजवीकडे. शेपटाकडची मंडळी अजून डावीकडेच वळत होती, ती उजवीकडच्यांवर आदळली.

"ए, पाय बघ ना!"

"मी काय करू? तो बघ कसा वाजवतोय!"

मी ठरवलं, एफ वाजवायचीच नाही. 'जी'वरून सरळ 'सी'वर उडी मारायची. पण इतक्या महिन्यांचा सराव! जी झाली की हात आपला आपण एफकडे निघतो. मास्तर म्हणाले होते तसं झालं, बोटांचा विचारच मनात येईना. थड्डक! डावीकडे. थड्डक! उजवीकडे. घाबरून मी दोन पावलं मागे सरकलो, आणि माझ्या अंगावर काटा आला. कारण मला पाठ दाखवायची नाही, माझ्याभोवतीचा गोल तुटू द्यायचा नाही, म्हणून अख्खं रिंगणच माझ्याबरोबर सरकलं! मी आणखी मागे. रिंगण आणखी मागे. मागे पेंढ्याची उडवी होती.

"आत्या, उडवी! उडवी!" मी ओरडलो.

"तू वाजव!" आत्या गरजली.

थड्डक! शेपूट उडवीत शिरलं. पलीकडून बाहेर आलं तेव्हा निम्म्यांच्या डोक्यावर पेंढा होता. खुर्चीतला मामा दोन्ही हातांनी पोट धरून किंचाळत होता, "सुऱ्या, नको रे हसवू! टाके तुटतील माझे!"

आता थांबावं म्हणून मी शेवटचा हात जोरात मारला आणि गिटारची पहिली तार तुटली. टण्ण!

आत्या खाली बसली.

तिच्यामागे धप्, धप्, धप्, सगळी रांग बसली. ते गुडघे! जे पुढच्या वर्षी उठतील की नाही याची तिला काळजी होती, ते मी याच वर्षी मोडले! सुनीतानं तोंडावर हात धरला. मी गिटार तशीच गळ्यात घेऊन आत्यापाशी धावलो.

"आत्या, तार तुटली गं! लागलं का?"

"उठव!" तिचे डोळे लाल झाले होते.

"अगं, पण तार..."

"बसवलंस ना? मग उठव!"

मी उरलेल्या तारांवर एफ मारली. थड्डक! मागच्या दोघीतिघींनी कमरेला धरून उचललं आणि आत्या उभी राहिली. मागोमाग अख्खी रांग उभी राहिली. आत्यानं दोन पावलं टाकून पाहिली, मान हलवली आणि नाच पुढे सुरू झाला. तो कसा चालला आणि कशावर आदळला हे मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते.

शेवटी आत्या खाटेवर बसली. घामाघूम झालेली, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, केसांत पेंढा. मी तिच्या पायाशी गेलो.

"आत्या, माफ कर. सगळं चुकलं."

"काय चुकलं?" ती मामाकडे बघत म्हणाली. "या लखम्याची वळणं मला आधीच ठाऊक असतात. झोपेत पण नाचेन. तुझं काही म्हणजे काही कळंना! आता वळवतोय का मग वळवतोय, बसवतोय का पाडतोय! सगळा वेळ जीव मुठीत. असा वाजवणारा मी बघितला नाय." आणि मग, पदरानं तोंड पुसत, "पुढच्या साली पण मीच पुढं. सांगून ठेवते."

मामाचं तोंड एवढंसं झालं. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण आत्या हसत होती, लोक मला पाणी आणून देत होते, आणि (आता काय लपवायचं) मला बरंही वाटत होतं.

तरी लाज वाटून मी त्यानंतर थंडीभर एफच्या मागे लागलो. बोटांची टोकं दगड झाली. हळूहळू तारा बोलायला लागल्या, आणि होळीच्या सुमाराला एफ लख्ख वाजली. सहाच्या सहा तारा! सुनीता आतून म्हणाली, "रिपेर केलं वाटतं!"

पुढे भाचीच्या हळदीला आत्यानं मुद्दाम मलाच मध्ये उभं केलं. मी सगळं शुद्ध वाजवलं. कुठे अडखळलो नाही, कुठे 'थड्डक' नाही. रांग आपली एकाच दिशेनं फिरत राहिली, फिरत राहिली. थोड्या वेळानं आत्या स्वतःच रांग सोडून माझ्यापाशी आली आणि तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बरं नाय का तुला?"

"बरा आहे की! का?"

"मग असं रे काय वाजवतोस? सराव सोडलास वाटतं!"

तेव्हापासून मी पुन्हा रोज गिटार घेऊन बसतो. एफ बिघडवायला बघतो. मेली आता चुकता चुकत नाही!